आता तुम्हीच निस्तरा

शब्दांची विचारपूस : वाचकांचे प्रश्न, सांगलीच्या एका निवृत्त मराठी शिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : बाई, मी वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात देखभाल विभागात आहे. गळीत हंगामात कुठं काही अडलं, ऊस टाकायची गव्हाण थांबली, पंप तापला, वजनकाट्याचा आकडा नाचायला लागला, की पहिला फोन मला येतो. यंदा साहेबांनी माझ्या पदाला रीतसर नाव दिलं, 'ट्रबलशूटर'. दारावर मराठी पाटी हवी म्हणून त्यांनीच 'समस्या निवारक' अशी करून आणली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी खडूनं 'निवारक' खोडून 'कारक' केलं. 'संकटमोचक' लिहावं तर लोक नारळ घेऊन येतील. घरी आज्जीला विचारलं, ती म्हणाली, "त्यात काय, खटपट्या म्हणावं." आज्जीनं कौतुक केलं की नाव ठेवलं तेच मला कळलेलं नाही. खरा मराठी शब्द कोणता?
एक वाचक, बोरगाव

उत्तर : तुमच्या त्या खडूवाल्याला आधी माझा नमस्कार सांगा. छत्तीस वर्षं मी फळ्यावर लिहिलं, पण एवढ्याशा खाडाखोडीत एवढा अर्थ मला कधी काढता आला नाही.

साहेबांच्या पाटीत व्याकरणाची चूक नाही, पण 'निवारक' वाचलं की मला औषधाची बाटली दिसते. जेवणानंतर दोन चमचे, हलवून घेणे. शिवाय निवारणं म्हणजे येणारी गोष्ट अंगावर येऊ न देणं. ऊन-पाऊस निवारतो तो निवारा. तुम्हाला बोलावतात तेव्हा पाऊस पडून गेलेला असतो आणि गव्हाणीपुढं ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. 'समस्या' तर मुळात कवींच्या खेळातली. श्लोकाचा एक चरण द्यायचा, बाकीचे समोरच्यानं रचायचे, त्या दिलेल्या चरणाला समस्या म्हणत. म्हणून 'समस्यापूर्ती'. म्हणजे समस्या पुरी करायची असते. कारखान्यात तुम्ही ती पुरी केलीत तर साहेब तुम्हाला ठेवतील का?

'संकटमोचक' हिंदीकडून बातम्यांच्या मथळ्यांत आला आणि तिथून पुढाऱ्यांच्या फलकांवर चढला. मारुतीला तो शोभतो. तुमच्या शेजारी बह्याला कृष्णेच्या बेटावर समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आहे. नदीला लोंढा आला तेव्हा मारुतीनं दोन्ही बाहू पसरून पाणी दोन अंगांना फोडलं, म्हणून गावाचं नाव बहे, असं तिथं सांगतात. एवढं ज्याला जमेल त्यानं ती पदवी लावावी.

आता साहेबांचा इंग्रजी शब्द. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तारयंत्राच्या आणि टेलिफोनच्या लाइनवरच्या माणसांसाठी वापरात आला. लाइन बंद पडली की तारेच्या कडेकडेनं जायचं आणि बिघाड नेमका कुठं आहे ते हुडकायचं, हे त्यांचं काम. बंदुकीशी त्यांचा काही संबंध नव्हता. म्हणजे त्या शब्दात दुरुस्ती आहेच, पण त्याचा जीव आहे तो हुडकण्यात. आपल्याकडं वळवाच्या पावसात हेच काम वायरमन करतो, हातात बॅटरी आणि काठी घेऊन, शिव्या खात. त्याला वेगळं नाव द्यावं असं आपल्याला कधी वाटलं नाही.

इथं मला वडिलांचं सांगावंच लागेल. आण्णा फिटर होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर कारखाना काढला. त्याचा परिणाम म्हणा, आमच्या पलूस-कुंडल भागातल्या माणसांची लोखंडाची भीती गेली. बंद पडलेली वस्तू देवासमोर ठेवण्याआधी उघडून बघायची, ही सवय लागली. आण्णा कुठल्या कारखान्यात नव्हते. सायकल, मागं कॅरेजला पान्यांची पिशवी, आणि आसपासच्या दहा-बारा गावांतली ऑइल इंजिनं, हीच त्यांची नोकरी.

१९७२ च्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. भर दुपारी एक शेतकरी आला. "आण्णा, इंजान चालतंय, पर पाणी उचलंना. तीन दिस झालं." तोवर त्याचे दोन फिटर करून झाले होते. एकानं नॉझल बदललं होतं, दुसऱ्यानं पिस्टनच्या रिंगा. आण्णांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि निघाले. विहिरीवर गेल्यावर त्यांनी पाना बाहेरच काढला नाही. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग पाइप वर ओढून फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपातलं पाणी परत विहिरीत जाऊ न देणारी तळाची झडप, बघितला. (आमच्याकडं त्याला सगळे फुटबॉलच म्हणत. प्रत्येक विहिरीच्या तळाशी एक चेंडू असतो असं मी कितीतरी वर्षं समजत होते.) त्यात काही अडकलं नव्हतं. शेवटी दोराला दगड बांधून विहिरीत सोडला, आणि पंपापासून पाण्यापर्यंतचा कोरडा दोर हातांनी मोजला. वीस हात भरला.

"इंजान चांगलं हाय," आण्णा म्हणाले. "पाणी खाली गेलंय."

पंपानं किती खालचं पाणी ओढावं याला मर्यादा असते. पाइपातली हवा काढली की बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. तो जेवढं ढकलेल तेवढंच पाणी चढतं, इंजिन कितीही मोठं लावा. व्यवहारात ही मर्यादा २५ फुटांच्या आसपास येते. वीस हात म्हणजे ३० फूट. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या आत, कपारीत लाकडं टाकून, सगळा सेट दहा हात खाली बसवला आणि पाणी आलं. तीन दिवस सगळे इंजिनात बघत होते आणि दोष विहिरीत होता.

त्या दिवशी आण्णांना तुमची इंग्रजी पाटी खुशाल लावता आली असती. गावानं काय म्हटलं? "आण्णानं पाणी काढलं." क्रियापद वापरलं आणि विषय संपवला.

बरं, आज्जीचा शब्द. खटपट हा आवाजावरून आलेला. कुठं खट वाजतंय, कुठं पट वाजतंय, म्हणजे कुणीतरी काहीतरी करतंय. त्यातून धडपड, पाठपुरावा. 'खटपट करून कर्ज मंजूर करून घेतलं' यात निंदा नाही. पण तिला लटपट चिकटली की 'खटपटी-लटपटी' होतात आणि माणूस संशयित ठरतो. आमच्या वस्तीवर वीज यावी म्हणून आण्णा एका कचेरीत अकरा वेळा गेले. तेव्हा थोरले चुलते म्हणायचे, "नसत्या खटपटी करतोय." ज्या संध्याकाळी बल्ब लागला, त्या संध्याकाळी तेच चुलते बल्बाखाली मांडी घालून पाहुण्यांना सांगत होते, "आमचा धाकटा लई खटपट्या."

वर्गात शिकवताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली, व्याकरणाच्या पुस्तकात ती मला कुठं सापडली नाही. काम करणाऱ्याचे शब्द मराठीत अनेकवचनात नासतात. उद्योग चांगला, पण 'उद्योग करून ठेवलेत' म्हणजे घोटाळा. कारभार जबाबदारीचा, पण 'काय कारभार केलेत हे?' म्हणजे पोरानं सतरंजीवर शाई सांडली. पराक्रम, प्रताप, दिवे, सगळ्यांची तीच गत. एकवचनी खटपट शहाणी, अनेकवचनी खटपटी लबाड. आज्जीचा खटपट्या कुठल्या वचनातला, हे तिच्या तोंडाकडं बघून ओळखायचं. तुमच्या समोर म्हणाली आहे, म्हणजे बहुतेक कौतुक. तुमच्या माघारी शेजारणीला सांगताना 'लई खटपट्या बाई' म्हणाली असेल, तर पुन्हा विचार करा.

काळानंही शब्द नासतात. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर ज्या मुत्सद्द्यांनी एकत्र येऊन राघोबादादांना दूर ठेवलं आणि राज्य सावरलं, त्या जुटीला 'बारभाईंचे कारस्थान' म्हणतात. इतिहासाच्या तासाला ते वाचताना कुणी नाक मुरडत नाही. आज कारस्थानी म्हटलं की टीव्हीवरची जाऊ आठवते. 'कारभारी' मात्र आमच्या भागात टिकून आहे. बायको नवऱ्याला 'अवो कारभारी' म्हणते तेव्हा त्यात हक्क, माया आणि टोमणा कशाचं किती, हे मोजायला अजून काटा निघालेला नाही.

या सगळ्यांत मला स्वतःला 'हिकमती' आवडतो. अरबीत हिकमत म्हणजे शहाणपण. हकीम, हाकीम, हुकूम ही सगळी त्याच धातूची भावकी. मराठीत आल्यावर या शहाणपणाला हात फुटले. अडचणीत, हाताशी आहे तेवढ्यात सुचलेली नेमकी युक्ती ती हिकमत. गळक्या फुटबॉलामुळं पंपात पाणी टिकत नसलं की आण्णा वरून पातळ शेणकाला ओतायचे. शेण फटीत जाऊन बसायचं, तेवढ्यात इंजिन मारायचं. याला हल्ली सरसकट जुगाड म्हणतात. जुगाड ऐकलं की मला 'चाललंय ना, मग झालं' ऐकू येतं. आण्णा शेणकाला ओतून दिवस काढायचे आणि आठवड्याच्या आत नवा वॉशर टाकायचे. तो आठवडा जुगाडात धरलेला नसतो.

पण तुम्हाला हवं ते या नावांत नाहीच, ते क्रियापदांत आहे. सांगलीत जन्म काढून हे मला फार उशिरा दिसलं. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना खुशाली विचारत नाहीत, फूट विचारतात, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं ते. "आयर्विनला किती?" "३८." ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टात आकडा ५७ च्या वर गेला तेव्हा विचारणंच थांबलं. तो पूल १९२९ चा. त्याच्या आधी पावसाळ्यात पलीकडं सांगलवाडीला जायचं म्हणजे नावेत बसायचं. नदी ओलांडणं हीच मोठी अडचण होती आणि भाषेनं ती विसरू दिलेली नाही. तड म्हणजे काठ, संस्कृतातला तट. काम तडीस नेणं म्हणजे नाव काठाला लावणं. पार म्हणजे पलीकडचा काठ. कार्य पार पडलं म्हणजे सगळी वऱ्हाडी मंडळी, रुसलेल्या आत्यासकट, पलीकडं पोचली. अलीकडचा काठ तो अवार. दोन्ही मिळून पारावार. आनंदाला पारावार उरत नाही तेव्हा पूर आलेला असतो, दोन्ही काठ दिसेनासे होतात. पाणी ओसरून नदी पायी ओलांडता यायला लागली की 'नदीला उतार आहे' म्हणत. आणि निस्तरणं म्हणजे तेच, निस् अधिक तृ, तरून पलीकडं जाणं.

यातल्या निस्तरण्याला मराठी बायकांनी आपली चव दिली आहे. घोळ घालणारा कधी निस्तरत नाही. निस्तरायचं ते दुसऱ्याचं. 'यांनी पसारे घालायचे आणि मी निस्तरायचे', हे वाक्य मी आईच्या तोंडून ऐकलं, स्वतः म्हटलं, आता सुनेच्या तोंडून ऐकते. तुमच्या साहेबांच्या शब्दात ही तक्रार कुठं आहे? ट्रबलशूटरला पद आहे, पाटी आहे, फोनचा भत्ता असेल. निस्तरणारीला स्वयंपाकघरावर कुणी पाटी लावलेली मी बघितली नाही. आणि 'आता तुम्हीच निस्तरा' यातला 'च' जरा कान देऊन ऐका. त्यात राग आहे, आणि तुमच्यावाचून हे व्हायचं नाही ही कबुलीही आहे. रात्री अडीचला तुम्हाला फोन येतो तेव्हा पलीकडचा माणूस याच 'च'वर जोर देत असणार.

राहिली पाटी. माझं ऐकाल तर दारावर माणसाचं नाव लिहूच नका, कामाचं लिहा. 'बिघाड शोध व दुरुस्ती', खाली तुमचा फोन नंबर. बिघाड हा शब्द साहेबांना, कामगारांना आणि आज्जीला, तिघांना एकाच वेळी कळतो. खडूवाल्याला त्यात खोडण्यासारखं काही सापडलं तर मला जरूर कळवा. हाक काय मारायची ते लोक ठरवतील, त्यात तुमचं काही चालणार नाही. आण्णांना बारा गावांत 'फिटरआण्णा' म्हणत. त्यांचं पाळण्यातलं नाव कित्येकांना त्यांच्या बाराव्याच्या पत्रिकेवर कळलं.

प्रश्न : बाई, टीव्हीवर 'संपावर तोडगा', 'ऊसदरावर तोडगा' असं आलं की माझ्या सासूबाई आवाज बंद करायला लावतात. तोडगा हा शब्द दिवेलागणीला तोंडातून काढू नये म्हणतात. त्यांचं काय करू?
एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : काही करू नका. त्या शब्दाचा जुना अर्थ सांभाळून आहेत, हे काम हल्ली फार थोडे लोक करतात.

तोडगा म्हणजे मूल रडायचं थांबेना, म्हैस दूध चोरायला लागली, यावरचा मंत्रातंत्राचा उपाय. तिठ्यावर लिंबू, टाचण्या, काळी बाहुली, नारळ. बाधा तोडायची, म्हणून तोडगा. वर्तमानपत्रांनी तो उचलून वाटाघाटींत नेला. अर्थ किती बदलला ते तुम्हीच बघा. दार लावून मंडळी मध्यरात्रीपर्यंत बसतात, आत काय चाललंय ते बाहेर कुणाला कळत नाही, सकाळी तोडगा 'निघतो', आणि कुणी कुणाला काय दिलं ते कुणी सांगत नाही. सासूबाईंना मी फार चूक म्हणू शकत नाही.

उताऱ्याचंही असंच. तिठ्यावरचा उतारा ओलांडायचा नाही, आणि सात-बाराचा उतारा मिळेपर्यंत तलाठ्याचा उंबरा ओलांडत राहायचा.

तुम्हाला दिवेलागणीला चालेल असा शब्द हवा असेल तर 'तडजोड' आहे. दोन्हींत फरक आहे, आणि तो बातम्या देणाऱ्यांनी पाळावा असं मला वाटतं. तोडगा तिसरा माणूस काढतो, तडजोड भांडणाऱ्या दोघांना करावी लागते. 'निवाडा' त्याहून वेगळा. निवडणे आणि निवाडा हे एकाच घरचे. सुपात तांदूळ घेऊन खडा इकडं, दाणा तिकडं करायचं, तेच पंचांनी चावडीवर करायचं. १९४३ पासून दोन-तीन वर्षं सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजची सांगलीही त्यातच आली, स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांनी गावोगाव असे निवाडे केले. पुढं २००७ मध्ये तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम निघाली, समित्या झाल्या, अध्यक्ष झाले. मोहिमेचं पुढं काय झालं ते ज्याच्या त्याच्या गावाला माहीत, पण आमच्या गावात तिनं एक नवीन नाम जन्माला घातलं. "चहा टाक गं, तंटामुक्ती आल्यात." भांडणं मिटवणाऱ्या माणसाला मराठीनं शेवटी दिलेलं नाव हे असं, स्त्रीलिंगी शब्द आणि त्यामागं मिशीवाला माणूस.

सासूबाईंपुरता उपाय सांगते. बातम्या सातला असतात ना? दिवा साडेसहाला लावा.

प्रश्न : मी आठवीत आहे. पत्रलेखनात आजोबांना 'तीर्थरूप आजोबांस' असं लिहिलं. बाईंनी अर्धा गुण कापून 'तीर्थस्वरूप' केलं. आमचे आजोबा तर कुठल्याच तीर्थाला जात नाहीत. मग दोन्ही कशाला?
एक विद्यार्थी, वाई

उत्तर : असे अर्धे गुण मीही पुष्कळ कापले आहेत, त्यामुळं तुझ्या बाईंची बाजू आधी सांगते. जुन्या पत्रलेखनात आईवडिलांना 'तीर्थरूप' आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप' असा भेद पाळत. वडील हे खुद्द तीर्थ, बाकीचे तीर्थासारखे. आज तो भेद फक्त उत्तरपत्रिकेत उरलाय. आजोबांना त्यामुळं राग येईल असं वाटत नाही. अर्धा गुण मी दिला असता.

आता तीर्थाचं. वाईत राहून तू हे विचारतोस! शाळेतून येताना घाटावर थांब आणि नदीकडं बघ. तीर्थ हा शब्द तृ या धातूचा, तरून जाण्याचा. नदी जिथून ओलांडता येते ती जागा म्हणजे तीर्थ. देऊळ नंतर आलं, यात्रा आणखी नंतर. मग ज्याच्यामुळं आपण पलीकडं जातो त्या माणसालाही तीर्थ म्हणायला लागले. गुरू हा तीर्थ, आणि एकाच गुरूकडं शिकणारे ते सतीर्थ. तुझ्या गावात राहून ज्यांनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं, त्या लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नावाआधी 'तर्कतीर्थ' लिहितात ते बघितलं असशील. ती त्यांची पदवी.

तेव्हा आजोबा कुठल्या तीर्थाला जात नसले तरी चालेल. तुझी सायकलची चेन पडली, गणित अडलं, बाबा रागावले, की तू कुणाकडं जातोस?

(बोरगावच्या वाचकांनी हे उत्तरही वाचावं. त्यांना हवा होता तो शब्द खरं म्हणजे हा. पण साखर कारखान्याच्या दारावर 'तीर्थ' अशी पाटी लागली तर लोक भलतंच मागायला येतील.)

आज्जीला लिहिताना मात्र एक सांभाळ. आजोबा नसलेल्या आज्जीला 'गं. भा.' लिहायची रीत होती, गंगाभागीरथी. नदीचंच नाव आहे, पण ते बाईच्या कपाळाकडं बघून दिलेलं. माझ्या आईला ती दोन अक्षरं पत्रावर बघून रडताना मी पाहिलंय. पुस्तकात असलं तरी लिहू नकोस. 'ती. आज्जीस' पुरे, त्याबद्दल गुण गेला तर बाईंना माझ्याकडं पाठव.

आणि पत्राच्या शेवटी स्वतःच्या नावाआधी तू 'चि.' लिहिलंयस. चिरंजीव हा मोठ्यांनी लहानांना द्यायचा आशीर्वाद आहे, आपला आपण घ्यायचा नसतो. त्याचा अर्धा गुण कापायला तुझ्या बाई विसरल्या आहेत, त्यांना सांगू नकोस.